काटा इकोत ठेव

बन्सी सकाळी साडेपाचला उठला आणि त्यानं आधी पाय दाबून पाहिले. घोट्याच्या वर बोट रुतलं आणि खळगा तसाच राहिला. शनिवारी डायलिसिस झालं होतं, आज मंगळवार. तीन दिवसांचं अंतर नेहमीच जड जायचं, त्यात काल इथं बहिणीच्या घरी भाचीच्या सुपारीच्या कार्यक्रमात चहाला नाही म्हणणं जमलं नव्हतं. प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "घोटभर घ्या मामा," आणि घोट घोट करत किती पोटात गेलं त्याचा हिशेब त्याला आता पायांवर दिसत होता.

बारा वाजता नगरला मशीनवर त्याचा नंबर होता. भंडारदऱ्याच्या शेंडीपासून नगर एकशेसाठ किलोमीटर. एरवी साडेतीन-चार तासांचं काम, पण गाडीत पेट्रोल नव्हतं.

टँकरवाल्यांनी नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी संप केला. काल संध्याकाळपर्यंत राजूरच्या पंपावर दोरी बांधली गेली होती आणि अकोले गावाहून आलेल्या पाहुण्यानं सांगितलं होतं, तिकडंही ठणठणाट. येताना पोरगी वृषाली म्हणाली होती, "अण्णा, टाकी भरून घेऊ का?" आणि बन्सीच म्हणाला होता, "जाताना भरू की. पंप काय पळून जातोय?" शिवाय काल दिवसभर पोरीची गाडी सगळ्यांना दाखवायची हौसही त्याचीच. "चला, धरण बघून येऊ, घाटघर बघून येऊ, आपली गाडी हाय ना!" चार फेऱ्या झाल्या, सगळ्या चढाच्या.

संगमनेरच्या एका दवाखान्यात वृषालीनं रात्रीच फोन केला होता. त्यांची मशीनं भरलेली, नवीन पेशंटला आधी रिपोर्ट लागतात, उद्या दुपारनंतर बघू म्हणाले. एसटीचंही खरं नव्हतं. डिझेल संपलं म्हणून पहाटेची राजूरची गाडी सुटलीच नाही, असं दूधवाल्यानं सांगितलं.

बन्सीची थोरली बहीण भामाबाई अंगणात उभी होती. तिच्या मुलानं, अमृतनं, आपल्या मोटारसायकलीतून नळीनं ओढून एक बाटली पेट्रोल गाडीत ओतलं. त्याच्या टाकीत तेवढंच होतं. भामाबाईनं डिकीत तांदळाचं पोतं ठेवलं होतं, ते बन्सीनं उतरवायला लावलं.

"आरं, घरचा तांदूळ हाय," ती म्हणाली.

"अक्का, वजन लई होतंय. पुढल्या खेपेला नेतो."

"एका पोत्यानं काय व्हतंय?" ती हिरमुसली. पण भावाच्या सुजलेल्या तोंडाकडे बघून तिनं पोत्याचा नाद सोडला. "जयभीम. पोचल्यावर फोन कर," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

वृषालीनं बटण दाबलं. समोर दिवे लागले, आवाज मात्र काहीच नाही. बन्सीला या गाडीची हीच गोष्ट खटकायची. चौतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला इंजिनाचा आवाज म्हणजे नाडी. ही गाडी मधेच गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की याच्या छातीत धस्स व्हायचं.

"किती दाखवतंय?" त्यानं विचारलं.

"एकशे चार किलोमीटर जाईल म्हणतेय."

"आणि जायचंय एकशेसाठ."

"अण्णा, ती कालच्या चालीवरून सांगते. काल आपण चढावर पळवली म्हणून तिला वाटतंय आजही तशीच पळवणार. नीट चालवली तर हा आकडा उतरायचा तेवढा उतरणार नाही."

वृषाली महावितरणमध्ये सबस्टेशनला ऑपरेटर होती. विजेचं तिला कळत होतं, याबद्दल बन्सीला शंका नव्हती. चालवण्याबद्दल होती. एकोणिसाव्या वर्षी तिनं "मला गाडी शिकवा" म्हटलं होतं, तेव्हा तो "तुला कुठं एसटी हाकायचीय?" म्हणून हसला होता. मग नोकरी लागल्यावर ती क्लासला जाऊन शिकली. गेल्या वर्षी ही पेट्रोल-बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रीड घेतली तेव्हा बाप शेजारी बसला खरा, पण उजवा पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर.

गाडी निघाली. थंडी चांगलीच होती, काचा वर होत्या, पण वृषालीनं हीटर बंदच ठेवला. बन्सीनं कानाला मफलर गुंडाळला आणि समोरच्या मीटरकडे पाहिलं. डावीकडे गोल घड्याळ, त्यात एक काटा. खालच्या भागात 'चार्ज', मधल्या मोठ्या भागात 'इको', वरती 'पॉवर'. बाजूला बॅटरीची छोटी खूण, तिच्यात रेघा. काटा कधी वर, कधी खाली, आणि मधेच 'ईव्ही' अशी हिरवी अक्षरं लागायची.

"हे काय सांगतंय ते मला नीट सांग," तो म्हणाला. "नुसतं बसून जीव जातोय माझा."

"इकोत काटा असला म्हणजे गाडी बेताचं खातेय. पॉवरमध्ये गेला म्हणजे इंजिन जोरात लागलं, पेट्रोल जास्त जाणार. हिरवी अक्षरं लागली की इंजिन बंद, बॅटरीवर चाललीय."

"आणि चार्जमध्ये?"

"उतारावर पाय काढला, नाहीतर हळू ब्रेक दाबला, की चाकं मोटार फिरवतात आणि बॅटरी भरते. ब्रेक एकदम दाबला तर मात्र नाही, मग नेहमीसारखा लायनर घासतो."

बन्सीला डेपो आठवला. एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर याचा तक्ता डेपोत लागायचा, आणि त्यात बारा वर्षं त्याचं नाव पहिल्या तिघांत होतं. नव्या ड्रायव्हरांना तो सांगायचा, ब्रेक मारला म्हणजे डिझेल रस्त्यावर सांडलं. आणि ही गाडी म्हणत होती, सांडलेलं थोडं परत भरून घेते.

विठ्याच्या घाटात त्यानं ते डोळ्यानं पाहिलं. वळणाच्या बऱ्याच अलीकडे वृषालीनं ब्रेकवर नुसता पाय टेकवला, काटा खाली चार्जमध्ये सरकला आणि बॅटरीत एक रेघ वाढली. पुढच्या वळणावर मात्र ती उशिरा जागी झाली आणि ब्रेक जोरात दाबला गेला.

"लांबून धर," बन्सी म्हणाला. "वळण दिसलं की पाय काढ. वळणात शिरताना ब्रेक लागता कामा नये."

"हो."

"दिसायच्या आधी कळलं पाहिजे. झाडांच्या शेंड्यांकडं बघ, रस्ता कुठं वळतोय ते त्यावरनं कळतंय."

तिनं बघितलं. नंतरची चार वळणं गाडी तेल ओतल्यासारखी उतरली. पण अर्ध्या घाटातच बॅटरीच्या सगळ्या रेघा भरल्या आणि खालचा उतार नुसताच गेला. बन्सीला चुटपुट लागली. भरल्या रांजणात ओतून काय उपयोग!

अकोल्याचा पंप बंद. संगमनेरच्या पंपावर पोलीस उभे, दीड-दोनशे मोटारसायकली, आणि आत मशीनवर पोतं टाकलेलं. वृषालीनं गाडी थांबवलीसुद्धा नाही. आकडा अठ्ठ्याऐंशी झाला होता. बासष्ट किलोमीटर आले आणि आकडा फक्त सोळानं उतरला. तिनं बापाकडे पाहिलं, बापानं मान हलवली. शाबासकी दोघांपैकी कुणीच तोंडातून काढली नाही, कारण पुढे अजून पंचाण्णवच्या वर होते आणि उतार संपले होते.

आता सपाटीचा रस्ता. इथं बन्सीनं काट्यावरच नजर लावली. "सोड... सोड थोडा. आता धर. वर चाललाय, वर चाललाय... हां." गाडी पन्नाशीला आली की तो तिला पाय हलका करायला लावायचा, हिरवी अक्षरं लागायची, गाडी मुकाट्यानं किलोमीटरभर जायची. मग पुन्हा इंजिन. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, की इंजिन बंद झालं तरी आता छातीत धस्स होत नाही. उलट ते सुरू झालं की होतंय.

पण छातीत दुसरं काही होत होतं. लोणी गेल्यावर त्याला श्वास पुरेना. पाठ सीटला टेकली की जास्त, पुढे वाकलं की कमी. तो पुढे वाकून बसला, मीटर बघायचं निमित्त होतंच. वृषालीला कळलं असतं तर तिनं गाडी पळवली असती, आणि पळवली असती तर राहुरीच्या पुढं पेट्रोल गेलं नसतं. त्यानं तोंड किंचित उघडं ठेवून, आवाज न करता श्वास घ्यायला सुरुवात केली.

कोल्हारच्या अलीकडे गाड्या थांबल्या होत्या. पुढे ट्रक आडवे लावलेले, ड्रायव्हर रस्त्यावर बसलेले, घोषणा चाललेल्या. पावणेदहा झाले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागे गाड्यांची रांग लागली, परतायचीही सोय उरली नाही.

"मी जाऊन सांगते," म्हणत वृषालीनं मागच्या सीटवरची डायलिसिसची फाईल उचलली आणि ती गर्दीत गेली.

तेवढ्यात बन्सीचा फोन वाजला. कानिफनाथ.

कानिफनाथ राहुरीच्या पुढचा. डायलिसिसला त्याची खुर्ची बन्सीच्या शेजारची. दीड वर्षं मंगळवार, गुरुवार, शनिवार दोघं चार-चार तास शेजारी पडलेले. एकमेकांच्या घरातली माणसं, ऊस, पगार, पोरांची लग्नं, सगळं एकमेकांना ठाऊक.

"बन्सीभाऊ, कुठं हाय तुमी?" त्याचा आवाज बारीक होता. "एसटी बंद हाय. शेजारच्याच्या गाडीत थेंब न्हाई. पोरगं पुण्याला. मला तर जिना चढल्यागत दम लागलाय जागच्या जागी. तुमी येताना... रस्त्यात हाय का कुठं?"

बन्सीनं मीटरकडे पाहिलं. त्रेपन्न. नगर अठ्ठावन्न. कानिफनाथची वस्ती हमरस्त्यापासून तीन किलोमीटर आत. जाऊन येऊन सहा. वर एका माणसाचं वजन.

"आमी अजून भंडारदऱ्यातच हाय," तो म्हणाला. "पेट्रोलच न्हाई. आज येणं हुईल असं वाटत न्हाई."

मग कानिफनाथ म्हणाला, "बरं. जपा," आणि फोन बंद झाला.

बन्सी फोन हातात धरून बसला. समोर चार ट्रकवाले वृषालीच्या हातातली फाईल बघत होते. एकजण गाडीपर्यंत आला, त्यानं काचेतून बन्सीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मागे वळून ओरडला, "खरंच पेशंट हाय रे! काढा तो ट्रक थोडा!" दहा मिनिटांनी ट्रक हलला आणि गाडी फटीतून बाहेर पडली. चाळीस मिनिटं गेली होती.

"आता थोडी पळवू का अण्णा? वेळ गेलाय."

"न्हाई. काटा इकोत ठेव."

राहुरीपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा, आणि प्रत्येक खड्ड्याला ब्रेक, प्रत्येक ब्रेकनंतर पुन्हा उचल. वृषाली आता स्वतःच लांबून पाय काढत होती, त्याच्या सांगण्याची गरज उरली नव्हती. त्यामुळे त्याला करायला काही नव्हतं, आणि कानात कानिफनाथचं ते "बरं" राहिलं होतं. माणूस रागावला असता तर बरं झालं असतं.

राहुरी मागे पडली. डाव्या हाताला ऊस सुरू झाला. अजून दोन किलोमीटरवर तो फाटा. गेला की गेला, मग सांगण्यात अर्थ नव्हता. बन्सीला वाटलं, गप्प बसावं. तोंडानं मात्र ऐकलं नाही.

"वृषा, मघाशी कानिफनाथचा फोन आल्ता."

"काय म्हणाले?"

"त्याला यायला काही न्हाई. दम लागलाय म्हणाला." तो थांबला. "मी त्याला सांगितलं, आपण भंडारदऱ्यातच हाय."

वृषालीनं मान वळवली नाही. काटा मात्र हलला, पाय कुठंतरी चुकला असावा.

"किती आत आहे?"

"तीन."

ती मीटर बघत होती. तेहतीस. नगर तेहतीस-चौतीसच. बन्सी म्हणाला, "तुला पटत नसंल तर..."

"फोन लावा त्यांना. तयार राहा म्हणावं," ती म्हणाली आणि तिनं वळणाचा दिवा लावला.

उसातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी बॅटरीवर, सायकलच्या वेगानं गेली. आवाज इतका कमी होता, की दारात पाठमोरी बसलेली कानिफनाथची बायको मालनबाई गाडी अंगणात येऊन थांबेपर्यंत वळली नाही. वळली तेव्हा तिच्या हातातली वाटी पडली.

"आवं, आले! खरंच आले!" ती आत धावली.

दोघींनी धरून कानिफनाथला मागच्या सीटवर बसवला. त्याचे ओठ काळवंडले होते. बसल्यावर त्यानं पुढे वाकलेल्या बन्सीकडे नीट पाहिलं. दीड वर्षं शेजारी पडलेल्या माणसापासून हे लपणार नव्हतं.

"बन्सीभाऊ, तुमाला बी लागलाय की दम."

वृषालीनं झटकन बापाकडे पाहिलं. मफलरच्या आत त्याचा गळा भात्यासारखा हलत होता.

"कधीपासून?"

"लोणीपासनं. सांगून काय करणार हुतीस? पळवली असतीस."

तिचे डोळे भरले, पण रस्ता अरुंद होता, पुसायला हात मोकळा नव्हता. "अण्णा, तुम्ही ना..." एवढंच म्हणाली.

हमरस्त्याला लागताना आकडा पंचवीस होता आणि पेट्रोलचा पिवळा दिवा लागला होता. कानिफनाथ मागे डोळे मिटून बसला होता. रस्त्यात दोन पंप लागले. एकावर 'पेट्रोल शिल्लक नाही' असा पुठ्ठा, दुसऱ्यावर माणूसच नाही. मग आकडा नऊ झाला आणि समोर विळद घाटाचा चढ आला.

घाट काही मोठा नाही. चांगल्या टाकीवर कुणाच्या लक्षातही येत नाही. वृषाली काटा इकोच्या रेघेवर धरून चढू लागली. पंचेचाळीस, अडतीस, तीस. इंजिन कण्हू लागलं, बॅटरीच्या रेघा दोनावर आल्या. मागून एका जीपवाल्यानं हॉर्न लावला.

"दाब," बन्सी म्हणाला.

"पॉवरमध्ये जाईल."

"जाऊ दे. घाटात गाडीला रडवायचं न्हाई. जितका वेळ चढावर काढशील तितका वेळ ती पितच राहणार. दाब पोरी, एकदम न्हाई, पण दाब. वर गेल्यावर सोडू."

तिनं दाबलं. काटा सकाळपासून पहिल्यांदा वरच्या भागात गेला. बन्सीला तो बघवेना, तरी तो बघत राहिला. गाडीनं उचल घेतली, कठडा मागे पळू लागला. आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या. आता गाडीलाही ठाऊक नव्हतं किती जाईल.

"आता सोड," माथ्यावर तो म्हणाला. वृषालीनं पाय काढला आणि हिरवी अक्षरं लागली.

नागापूरच्या कारखान्यांपाशी पोचल्यावर इंजिनानं दोन आचके दिले. समोर लाल इशारा आला. गाडी उरलेल्या बॅटरीवर आणखी थोडी गेली, एका चहाच्या टपरीपर्यंत, आणि तिथं वृषालीनं ती रस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली. दवाखाना अजून पाच किलोमीटर.

तिनं गाडीला कुलूपही लावलं नाही. रस्त्याच्या मधे उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून पहिली आलेली रिक्षा अडवली. रिक्षात आधीच एक बाई होती, भाजीची पिशवी घेऊन. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, गॅस थोडाच हाय, मी फक्त पाइपलाइन रोडपर्यंत..." मग त्यानं गाडीतल्या दोघांकडे पाहिलं. पिशवीवाली बाई न सांगता उतरली. "न्या न्या," ती म्हणाली, "मी चालत जाईन."

दवाखान्यात पोचायला पाऊण वाजला. डायलिसिसचा टेक्निशियन राधाकृष्ण दारातच उभा होता. "काका, आज सहा जण आलेच नाहीत. मशीनं रिकामी आहेत. आधी वजनावर चला." बन्सीचं वजन साडेतीन किलो जास्त भरलं, कानिफनाथचं चार. राधाकृष्णनं दोघांना ऑक्सिजन लावला आणि लगेच सुया घातल्या.

वृषाली काचेबाहेर बाकड्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घालून. तिनं गाडी इथवर आणली आणि त्याला एकदाही पाय ब्रेककडे न्यावा लागला नाही, हे तिला सांगायला हवं होतं. पण आता हात बांधलेला होता आणि मधे काच होती.

दीड तासानं श्वास मोकळा झाला. शेजारी कानिफनाथचे ओठ पुन्हा ओठांसारखे दिसू लागले होते.

"कानिफनाथ," बन्सी छताकडे बघत म्हणाला, "तू फोन केलास तवा आमी कोल्हारला हुतो."

मशीनचं चाक फिरत होतं.

"व्हय," कानिफनाथ म्हणाला. "मागं घोषणा ऐकू येत हुत्या. भंडारदऱ्यात कुठनं येतील घोषणा?"

बन्सीच्या अंगातलं होतं तेवढं रक्त तोंडावर आलं.

"मग काही बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? तुमच्या जागी मी असतो तर फोनच उचलला नसता." कानिफनाथनं मान त्याच्याकडे वळवली. "पर मग वळलात कशाला?"

बन्सीनं खरं उत्तर शोधून पाहिलं. त्यानं फक्त सांगितलं होतं, गाडी वळवली नव्हती.

"पोरीनं वळवली," तो म्हणाला.

कानिफनाथनं काचेबाहेर बाकड्यावर बसलेल्या वृषालीकडे बराच वेळ पाहिलं. मग राधाकृष्ण बीपी बघायला आला आणि त्यानं मोकळा हात पुढं केला.